ढेप, डुकरं आणि काकांचा हिशेब

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी खापरखेड्याला जाऊन आलो. शेजारच्या काकांकडे चहा झाला, आणि चाळीस वर्षांपूर्वीची डुकरं पुन्हा आठवली. विषय ऐकून ताई नाक मुरडणार, पण वाच गं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पॉवर हाऊसचे २१० मेगावॅटचे नवे संच उभे राहत होते (पहिला १९८९ साली सुरू झाला). बाहेरगावची माणसं आली होती, मटणाला गिऱ्हाईक होतं. घरी म्हशी असलेल्या काकांनी तेव्हा कर्ज काढून पांढरी विलायती डुकरं आणली. शेजारणींनी काकूंशी बोलणं टाकलं, ते वेगळंच. खायला कण्या, कोंडा आणि सावनेरहून आणलेली सरकीची ढेप. काकांचा हिशेब सरळ होता : ढेपेवर म्हैस दूध देते, मग डुकराच्या अंगी का लागू नये?

पहिले काही आठवडे बरे गेले. मग डुकरं वाढेनात. पुढे धापा टाकू लागली आणि एकेक करत मेली. कोणी नजर म्हणालं, कोणी पाप. काका कर्ज फेडत बसले.

खूप वर्षांनी, भलतंच काही शोधताना, मला उत्तर सापडलं. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. सरकीच्या पेंडीतलं विष ते हेच, हे अमेरिकेत विदर्स आणि कॅरुथ यांनी १९१५ साली दाखवलं होतं. म्हणजे काकांनी गोठा बांधायच्या सत्तर वर्षं आधी! तेही कापसाच्या मुलखात, जिथे ढेप घरोघरी. असो.

पण विषापेक्षा मला त्यातला दुसरा भाग जास्त लागला. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. त्यातली काही शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१४ साली उंदरांना मक्यातलं झीन हे एकच प्रथिन खाऊ घालून पाहिलं. पोट भरलं, पण वाढ नाही. लायसिन आणि ट्रिप्टोफॅन घातल्यावर ते सावरले. वाढत्या डुकराच्या धान्याच्या खाण्यात बहुधा लायसिनच आधी कमी पडतं. तेल काढताना सरकी तापते, गॉसिपॉल लायसिनला चिकटून बसतं. विष थोडं कमी होतं खरं, पण लायसिन अडकून पडतं. ते ढेपेत आहे, डुकराला मात्र मिळत नाही.

हे मोजायचं कसं? आधी लोक खाल्लेलं वजा शेणातलं असा हिशेब करत. तो फसवा होता. लहान आतड्यातून सुटलेली अमिनो आम्लं मोठ्या आतड्यातले जंतू फस्त करतात. तिथून जे शोषलं जातं त्याचा डुकराच्या अंगी लागायला उपयोग नाही, पण शेणात ते दिसत नाही, म्हणून 'पचलं' असं धरलं जाई. मग १९७०च्या दशकापासून लहान आतड्याच्या शेवटाला छोटी नळी बसवून तिथलाच माल तपासायची पद्धत रुळली. आतड्याची स्वतःची झीजही त्यात मिसळते, म्हणून प्रथिनं नसलेलं खाणं देऊन ती मोजतात आणि वजा करतात. त्या हिशेबाने सोयाबीन पेंडीतलं सुमारे ८९ टक्के लायसिन डुकराला मिळतं, मक्यातलं ७४, सरकीच्या पेंडीतलं जेमतेम ६३. सोयाबीनही कच्चं चालत नाही, भाजावं लागतं. आणि जास्त भाजलं की पुन्हा लायसिन जातं.

गंमत पुढे आहे. माणसाच्या अन्नातली प्रथिनं जोखायला आधी उंदराचं शेण तपासत. २०१३च्या अहवालात जागतिक अन्न संघटनेने लहान आतड्याच्या शेवटाची मोजणी धरायला सांगितलं, शक्यतो माणसात. ते जमत नसेल तर वाढत्या डुकरात, आणि उंदीर त्यानंतर. म्हणजे आपल्या वरणातलं लायसिन किती अंगी लागतं ते आता डुकराला विचारायचं. ज्याच्यामुळे काकूंशी कोणी बोलत नव्हतं, त्याला!

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते आता ऐंशीच्या पुढचे. ढेपेत हिराकस मिसळलं असतं तर त्यातलं लोखंड गॉसिपॉलला धरून ठेवतं, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मंग म्हशीले कसं काय नाही झालं?"

म्हशीच्या पहिल्या पोटातच ते बांधलं जातं, मी म्हणालो. लहान वासराचं ते पोट तयार नसतं, म्हणून त्याला मात्र बाधतं.

काका बराच वेळ बशीकडे पाहत राहिले.

"आमची माय वगारीले ढेप टाकू देत नोती," ते म्हणाले. "आमाले वाटे, बुढी कंजूष हाय."