आतले टाके

बाळंतपणानंतर किंवा स्थूलता ओसरल्यावर सैल पडलेली पोटाची कातडी छाटून शिवण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे. बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्येच ती केली होती. पण खरी पीडा पुढे उद्‌भवे. कातडी व चरबी स्नायूंवरून सोडविली की मध्ये पोकळी राहते आणि तीत पिवळसर पाणी साचते. ते वाहून जावे म्हणून नळ्या बसवीत. रुग्ण बिचारा कित्येक दिवस त्या बाळगी. नळ्या काढल्यावरही पाणी साचले, तर सुईने ओढून घ्यावे लागे.

पोकळीच राहू देऊ नये, हा साधा विचार बराच मागाहून रुजला! १९९८ मध्ये ब्राझीलच्या बारौदी व फेरेरा यांनी गोधडीच्या टाक्यांचा पुरस्कार केला. गोधडीचे थर जागोजाग टाचतात, तशी चरबी स्नायूंवरच्या आवरणाला टाचावयाची. २००० साली डलासच्या हार्लन व टॉड पोलॉक यांनी प्रत्येक टाक्यागणिक कातडीचा पदर थोडा खाली ओढण्याची युक्ती मांडली. ताण अनेक टाक्यांत वाटला गेला. बाहेरच्या शिवणीवर, जिथे रक्तपुरवठा सर्वांत क्षीण असतो तिथे, फारसा उरला नाही. या टाक्यांना वेळ अधिक लागतो, आणि टाका उथळ बसला तर वर खळी दिसते. तरीही पुढे अनेक शल्यविशारदांनी नळ्या बसविणेच सोडून दिले.