शिरूर-दौंड : साहित्य, भाषांतर व इंग्रजी अध्यापनविषयक संशोधन

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या लगतच्या तालुक्यांत झालेले, तसेच इथले ग्रंथ, शिलालेख, माणसे आणि शाळा-महाविद्यालये यांना विषय करून अन्यत्र झालेले साहित्य, भाषांतर व इंग्रजी अध्यापन यांविषयीचे संशोधन. दोन्हींपैकी दुसऱ्याचा बोलबाला अधिक. इथल्या मजकुरावर ऑक्सफर्ड आणि इंडियाना विद्यापीठांच्या मुद्रणालयांनी पुस्तके छापली, तालुक्यातल्या बी.ए.च्या वर्गात मात्र तो मजकूर सहसा पोहोचत नाही. ही विसंगती लक्षात घेतल्याशिवाय या विषयाची नोंद पुरी होत नाही.

शिरूर हे पुणे-नगर रस्त्यावरचे, घोड नदीकाठचे गाव. जुनी माणसे त्याला अजून घोडनदीच म्हणतात. दौंड रेल्वेचे गाव. इंग्रजांच्या कागदपत्रांत पहिल्याचे ‘सिरूर’ झाले आणि दुसऱ्याचे ‘धोंड’. शिरूरला इंग्रजी भाषा आली ती छावणीच्या बाडबिस्तऱ्यातून, पेशवाईच्या उतरत्या काळात. नंतर १८४१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथे ठाणे केले. दौंडला ती आली रुळांवरून : १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर गावाचे जंक्शन झाले, रेल्वेच्या नोकरीत असलेली अँग्लो-इंडियन कुटुंबे तिथे राहू लागली आणि बाजारात इंग्रजी कानावर पडू लागली.

या परिसरातला दोन भाषांमधला सर्वांत प्रसिद्ध मजकूर दगडावर आहे. कोरेगाव भीमा हे शिरूर तालुक्यातले गाव. तिथे १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी लढलेली कंपनी सरकारची कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. लढाईनंतर उभारलेल्या जयस्तंभावर इंग्रजी व मराठी असे दोन्ही लेख कोरले आहेत. अशा लेखांत पडलेल्यांची नावे असतात. मजकूर मराठीत आणणाऱ्या कारकुनाचे किंवा शास्त्र्याचे नाव नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभाला अभिवादन करण्यास आले आणि कंपनी सरकारच्या विजयाची खूण वेगळ्याच अर्थाने वाचली जाऊ लागली. श्रद्धा कुंभोजकर यांनी २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या स्मृतिबदलाचा मागोवा घेतला. हे संशोधन इतिहासाचे. पण एकाच दगडावरचे दोन मजकूर परस्परांना कितपत धरून आहेत, हा अस्सल भाषांतराभ्यासाचा प्रश्न आहे आणि तो शिरूरपासून तासाभराच्या अंतरावर उन्हात उभा आहे.

परंतु या नोंदीचा मोठा वाटा केडगावचा. दौंड तालुक्यातल्या या स्थानकाजवळ पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी मुक्ती मिशन वसवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली-बायकांनी ते भरले. समाजसुधारक आणि धर्मांतरित विदुषी म्हणून रमाबाईंवर विपुल लिहिले गेले आहे. भाषांतरकार रमाबाई मात्र त्या मानाने मागे राहिल्या. वास्तविक त्यांच्या आयुष्यातली अखेरची कितीतरी वर्षे एकाच कामात गेली : संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर.

मराठीत बायबल आधीपासून होते. रमाबाईंची तक्रार त्याच्या भाषेविषयी होती. ती संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईच्या कानाला परकी. शिवाय तिच्यातले कितीतरी शब्द हिंदू तत्त्वज्ञानाच्या ओझ्यासकट आलेले. ही तक्रार करणारी व्यक्ती कोण, हे पाहिले की तिचे वजन कळते. वयाच्या विशीत कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेली, भागवत मुखोद्गत असलेली ही बाई संस्कृतची अडचण सांगत होती. शब्दाच्या पाठीमागे काय काय दडलेले असते ते तिला इतरांहून अधिक ठाऊक होते. ‘आत्मा’, ‘पाप’, ‘मोक्ष’, ‘अवतार’ यांपैकी कोणताही शब्द उचलला की त्याच्याबरोबर एक अख्खे दर्शन येते. नवा घडवला तर बाईला कळत नाही, जुना घेतला तर भलतेच कळते. मराठीत धर्मग्रंथ आणणाऱ्या प्रत्येकाला ही कात्री ठाऊक आहे. रमाबाईंनी ती साध्या, बोलीजवळच्या मराठीने सोडवण्याचा प्रयत्न केला.

त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सहकारी स्त्रियांना मूळ भाषेत वाट काढता यावी म्हणून हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. छापखाना मिशनचाच, खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. भाषांतर, मुद्रण आणि वाचक ही तिन्ही एकाच कुंपणाच्या आत, असे उदाहरण मराठी ग्रंथव्यवहारात विरळाच. २४ जुलै १९२१ रोजी मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. मुद्रिते तपासून हातावेगळी करेपर्यंत त्यांनी प्राण धरून ठेवला, असे मिशनच्या परंपरेत सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. एका स्त्रीने संपूर्ण बायबल आपल्या भाषेत आणल्याचे उदाहरण म्हणून त्याचा जगभर उल्लेख होतो.

उल्लेख होतो, वाचन कमी होते. केडगावची प्रत आणि बायबल सोसायटीची प्रत ओळीला ओळ लावून पाहण्याचे काम पीएच.डी.च्या दोन-तीन प्रबंधांना सहज पुरेल. त्याला हिब्रूचा जाणकार हवा, मराठीच्या शब्देतिहासाची जाण हवी आणि ख्रिस्ती मराठीकडे नाक न मुरडणारा मार्गदर्शक हवा. शेवटची अट सर्वांत अवघड असावी.

रमाबाईंच्या इतर लेखनावरचे संशोधन मात्र जोमाने झाले आहे, आणि त्याची कथाही भाषांतराचीच. १८८२ मध्ये त्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली. तिचे इंग्रजी झाले आणि ती दूरवर पोहोचली. इंग्लंडला जाण्याचा खर्च ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. तिथे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत आणि इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत. अमेरिकेत गेल्यावर अमेरिकनांसाठी इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) लिहिले आणि परतल्यावर मराठी वाचकांसाठी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९). एकाच लेखणीने दोन वाचकवर्गांना एकमेकांची ओळख करून दिली.

या मराठी पुस्तकाला इंग्रजीत यायला ११४ वर्षे लागली, आणि आले ते एकदम दोनदा. २००३ मध्येच मीरा कोसंबी यांचे भाषांतर इंडियाना विद्यापीठाने काढले आणि क्षितिजा गोम्स यांचे भाषांतर, फिलिप एंगब्लॉम यांच्या संस्करणासह, अमेरिकेतल्याच दुसऱ्या प्रकाशनाने. कोसंबींनी ‘लोकस्थिती’साठी ‘पीपल्स’ म्हणजे तिथले लोक हा अर्थ पुढे केला. गोम्स यांनी ‘कंडिशन्स ऑफ लाइफ’, म्हणजे जीवनमान. समासातले एक पद एकीने उचलले, दुसरे दुसरीने. भाषांतराच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण शोधायला नको : विद्यार्थी मराठी, शब्द मराठी, आणि लेखिका केडगाव स्थानकापलीकडची.

या दोहोंआधी अ. भि. शहा यांनी रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला होता. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी ती पत्रे जमवून ठेवली होती. १९९८ मध्ये उमा चक्रवर्ती यांचे ‘रीरायटिंग हिस्टरी’ आणि गौरी विश्वनाथन यांचे ‘आउटसाइड द फोल्ड’ ही दोन पुस्तके आली. पहिल्यात रमाबाई केंद्रस्थानी, दुसऱ्यात धर्मांतराच्या व्यापक विवेचनाचा एक भाग. कोसंबींनी रमाबाईंच्या निवडक लेखनाचा इंग्रजी संग्रह ऑक्सफर्डतर्फे २००० मध्ये काढला. मराठी न वाचणाऱ्या अभ्यासकांची रमाबाईंशी ओळख बहुतेक याच संग्रहातून होते. म्हणजे या विषयात कोसंबींच्या शब्दनिवडीचा भार पुढच्या सगळ्या संशोधनावर आहे.

आता महाविद्यालयांकडे. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय, तळेगाव ढमढेरे येथील महाविद्यालय, दौंडचे के. जी. कटारिया महाविद्यालय, केडगावचे सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय ही या परिसरातली प्रमुख नावे. सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. हे विद्यापीठ १९४९ पासूनचे; २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. ग्रामीण महाविद्यालयातला इंग्रजीचा प्राध्यापक संशोधक होतो तो बराचसा नियमांमुळे. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने बढतीला गुण लावले, आणि चर्चासत्रांच्या निबंधसंग्रहांचे पेव फुटले. त्याला आवर घालायला २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात सर्वांसाठी खुले झाल्यापासून विषयांची पुनरावृत्तीही सर्वांना दिसू लागली : आर. के. नारायण, अनिता देसाई, शशी देशपांडे, आणि त्यांच्या कादंबऱ्यांतली स्त्री. नारायणांचे मालगुडी स्थानक केडगावच्या स्थानकापेक्षा जवळचे वाटावे, याचा दोष एकट्या प्राध्यापकाला देता येत नाही. अभ्यासक्रम, ग्रंथालय आणि मार्गदर्शक तिघेही त्याला तिकडेच ढकलतात.

दलित आत्मकथनांमुळे ही वाट थोडी वळली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ही पुस्तके इंग्रजीत आली आणि इंग्रजी विभागांना मराठी पुस्तक अधिकृतपणे हाताळायची मुभा मिळाली. मूळ मराठी ज्याच्या घरची भाषा आहे असा संशोधक इथे दिल्लीच्या संशोधकापुढे असतो. गावकुसाबाहेरचा एखादा शब्द इंग्रजीत जाताना काय गमावतो, हे त्याला कोश न उघडता कळते. फक्त त्याने प्रबंध लिहिताना मूळ पुस्तक समोर ठेवले पाहिजे; इंग्रजी प्रतीवरच काम उरकण्याची सोय मोहात पाडते.

इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाला इथे कच्चा माल भरपूर. महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाली ती २००० मध्ये. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबादची राज्य आंग्ल भाषा शिक्षण संस्था १९६५ पासून होतीच. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेला मुलगा ऊसतोडीच्या हंगामात आलेला असू शकतो, आणि त्याच्या शेजारी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या परप्रांतीय कामगाराची मुलगी. त्या दोघांची पहिली भाषाच वेगळी, तर दुसऱ्या भाषेच्या चुका एकसारख्या कशा असतील?

मराठी मुलांच्या चुकांना मात्र त्यांचे स्वतःचे व्याकरण आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’ची ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होते. ‘मी उद्या येतो’ म्हणणारा ‘आय कम टुमॉरो’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत वर्तमानकाळ भविष्याचेही काम करतो. ‘ए’ आणि ‘द’ गळतात, कारण मराठीत त्यांची जागाच नाही. उच्चाराच्या बाबतीत गंमत अशी, की मराठी लेखनाने ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ हा फरक लिपीतच करून ठेवला आहे. हिंदीत तो नाही. मात्र त्यामुळे मराठी मुलाच्या तोंडी ‘व्ह’मध्ये जो हकार येतो तो इंग्रजीत नाही. अशा चुका वर्गात टिपून, त्यांवर एखादा उपाय करून पाहणे याला शिक्षणशास्त्रात कृती संशोधन म्हणतात. बी.एड.च्या विद्यार्थ्यांपासून शाळेतल्या शिक्षकांपर्यंत अनेक जण ते करतात. त्यातले बरेचसे फायलींत राहते.

वर्गातली सर्वांत जुनी पद्धत म्हणजे भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतरमालेने कित्येक पिढ्यांना मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य बांधायला शिकवले. पुढे संभाषणकेंद्री अध्यापनाची लाट आली, मातृभाषेला वर्गाबाहेर उभे करण्यात आले आणि तर्खडकर माळ्यावर गेले. शिरूर-दौंडच्या वर्गांत प्राध्यापक तरी मराठीत समजावून देतच राहिले, जरा चोरून. गाय कुक यांच्या २०१० च्या पुस्तकाने भाषाशिक्षणात भाषांतराला पुन्हा प्रतिष्ठा दिल्यावर त्या चोरीला शास्त्राधार मिळाला.

इंग्रजीखेरीज संस्कृत ग्रंथावरचे आणि लोकवाङ्मयाचे कामही या नोंदीत येते. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे समाधी असलेल्या छत्रपती संभाजी महाराजांचा ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ ह. दा. वेलणकर यांनी संपादित करून भांडारकर संस्थेतर्फे १९२६ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर हे तमाशाच्या फडांसाठी वग, लावण्या आणि गवळणी लिहिणारे लोककवी. त्यांना २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. तमाशाच्या वाङ्मयाचे इंग्रजी भाषांतर अवघड असते ते वगातल्या गोष्टीमुळे नव्हे. गोष्ट कुठेही सांगता येते. अडते ते बतावणीपाशी : सोंगाड्याची कोटी गाव बदलले की बदलते, संहितेत ती सापडत नाही, आणि ती टिपायची तर फडाबरोबर फिरावे लागते. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन चैत्र-वैशाखातल्या जत्रांत भरास येतो. नेमक्या त्याच दिवसांत प्राध्यापकांच्या टेबलावर विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.