गुळव्याला आधी कळलेला नत्र

शाहूपुरीतली गुळाची पेठ राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १८९५ साली वसली. त्या वेळी पंचगंगाकाठच्या उसाला नत्र मिळायचा तो गोठ्यातून आणि मेंढरांकडून. वर्षभर साठलेला उकिरडा उन्हाळ्यात गाड्या भरभरून रानात जायचा. धनगरांचे कळप मोकळ्या रानात रात्री बसवले जायचे आणि मोबदल्यात धान्य दिलं जायचं. लागणीआधी ताग गाडला जायचा. ऐपत असेल तो पेंडही घालायचा. ही खतं जमिनीतले जिवाणू कुजवतात, मगच त्यांतला नत्र थोडाथोडा सुटतो. ऊसही तो थोडाथोडाच उचलतो.

ही घडी आधी पाण्याने बदलली. भोगावतीवरचं राधानगरी धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं आणि त्यांच्या पश्चात ते पुरं झालं. नदी जागोजागी अडवणाऱ्या बंधाऱ्यांना तर राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ हेच नाव पडलं. १९३०च्या दशकात कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले, नदीवरच्या उपसा योजनांनी माळावर पाणी चढवलं. जोंधळ्याच्या आणि भुईमुगाच्या रानात ऊस आला. तो वाढला त्या मानाने गोठे वाढले नाहीत, शेणखत पुरेना.

ती उणीव पोत्याने भरून काढली. सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ साली अमोनियम सल्फेट बनवू लागला. मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९६५ पासून युरिया तयार होऊ लागला. या पोत्यांनी कोल्हापूरचा ऊस वाढवला, घरं उभी केली, पोरं शिकवली. त्याबद्दल कृतज्ञताच हवी. गडबड झाली ती मात्रेत. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. तो सगळा युरियातून द्यायचा तर ४५ किलोची १९ पोती लागतात. ती चार हप्त्यांत द्यायची असतात: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४०. प्रत्यक्षात मजूर मिळेल तेव्हा आणि पाण्याची पाळी येईल तेव्हा खत पडतं. शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला की आणखी एक पोतं फोडलं जातं.

त्यात दरानेही भर घातली. १९९२ साली स्फुरद आणि पालाशवरचं किंमत-नियंत्रण सुटलं, युरियावरचं राहिलं. २०१० साली अनुदानाचं नवं धोरण आलं, त्यातूनही युरिया बाहेरच ठेवला गेला. पोटॅशचं पोतं महागत गेलं आणि युरियाचं पोतं पावणेतीनशेच्या आत राहिलं. शेतकऱ्याने स्वस्त पोतं जास्त टाकलं, तर दोष एकट्या त्याच्या माथी मारता येत नाही.

टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमीच उसाला लागू पडतो. बाकीच्यातला काही हवेत उडतो आणि काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. खत टाकून पाटाने सरी तुडुंब भरली, की ते मुळांच्या खाली गेलंच. पुढे ते विहिरीत आणि ओढ्यात झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटण्याचा धोका असतो.

हा फाजील नत्र प्रयोगशाळेआधी गुऱ्हाळावर ओळखू आला. नत्र जास्त झालेला ऊस उशिरा पक्व होतो, रसाची शुद्धता घटते, गूळ गडद उतरतो, नीट घट्ट होत नाही आणि टिकतही नाही. काहिलीशी उभ्या गुळव्याला हे नजरेने कळायचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते ज्या रंगासाठी आणि कणीसाठी, त्यांनाच जादा युरिया मारक ठरतो.

शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींचं खापर मात्र सरसकट युरियावर फोडणं बरोबर नाही. तिथे मुख्य दोष पाण्याचा: अतिरेकी पाळ्या, भारी काळी माती आणि तुंबलेला निचरा. शिरोळच्या दत्त कारखान्याने शेतकऱ्यांना सोबत घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि पांढरी पडलेली रानं पुन्हा उसाखाली आली. पण पाणी खाली निघून जातं तिथे नायट्रेटही त्याच्याबरोबर जातं, म्हणून पाइप घातलेल्या रानात खताचे हप्ते आणखी लहान हवेत.

उपायांची माहिती जिल्ह्यात नवी नाही. ठिबकमधून युरिया थोडाथोडा देता येतो. पाचट न जाळता सरीत कुजवलं तर सेंद्रिय कर्ब वाढतो. कोल्हापूरचेच प्रताप चिपळूणकर विनानांगरणीच्या शेतीतून तेच सांगत आले आहेत.

एक काम मात्र अजून राहून जातं. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे १२ निकष तपासले जातात, पण विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट त्यांत नाही. उसाच्या रानातल्या विहिरीचं पाणी घरात पिण्यासाठी वापरलं जात असेल, तर मातीच्या नमुन्याबरोबर पाण्याची बाटलीही प्रयोगशाळेत द्यावी आणि नायट्रेटची तपासणी आवर्जून मागावी.