मालिकेचा शेवट आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद (सोलापूर)

मालिकेचा शेवट, दैवी-अद्भुत : देव, दैत्य, चमत्कार आणि संगणकीय दृश्यकरामत यांवर उभ्या असलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा अखेरचा भाग आणि त्यावर उमटणारा प्रेक्षकांचा प्रतिसाद. मराठीतले याचे ठळक उदाहरण म्हणजे झी मराठी वाहिनीवरची ‘जय मल्हार’. मे 2014 मध्ये सुरू झालेली ही मालिका एप्रिल 2017 मध्ये संपली. निर्मिती महेश कोठारे यांच्या संस्थेची होती. देवदत्त नागे खंडोबाच्या भूमिकेत होते, तर सुरभी हांडे म्हाळसेच्या आणि ईशा केसकर बानूच्या भूमिकेत होत्या. शेवट पटला की फसला, कथेचे धागे जुळले की तुटले, एवढ्यावरच अशा मालिकेच्या प्रतिसादाची सहसा मोजदाद होते. सोलापूर आणि भोवतालच्या सीमाभागाला हे माप पुरत नाही. इथला प्रेक्षक देवाच्या कथेपुढे बसतो तेव्हा शेवट त्याला आधीच ठाऊक असतो. त्याचे लक्ष असते ते त्या कथेत आपला मान राखला गेला का याकडे. शेवटाबद्दलचे समाधान किंवा नाराजी बहुतेक वेळा या एका प्रश्नावर येऊन ठरते.

या वृत्तीचे मूळ दूरचित्रवाणीत नाही, सोलापूरच्या गड्डा यात्रेत आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे शहराचे ग्रामदैवत. त्यांच्याशी लग्न करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली, त्यांनी नकार दिला, पण आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली आणि पुढे तिने अग्निप्रवेश केला, अशी कथा आहे. दरवर्षी मकर संक्रांतीच्या दिवसांत ही कथा सारे शहर मिळून जगते. आधी शहराभोवतीच्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो. मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. 7 नंदीध्वज उभे असतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त दाटीने थांबलेले असतात आणि संमतीतल्या, म्हणजे या विवाहाच्या मंगलाष्टकांतल्या, ‘दिड्डम’ या शब्दावर हजारो हातांतून अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर कुंभारकन्येचे प्रतीक म्हणून साडीचोळी आणि दागिने ल्यायलेली पेंढी होमात अर्पण करतात. कथा खरे तर इथे संपते, पण सोहळा संपत नाही. त्याच रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, फळे ठेवून भाकणूक होते. वासरू कशाला तोंड लावते, बिचकते की शांत राहते, यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगितले जातात. पुढे शोभेचे दारूकाम आणि कपडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांचे वस्त्रविसर्जन. नायिकेच्या मरणावर शोकाने पडदा पाडण्याऐवजी त्यातून थेट पुढच्या वर्षाच्या पिकापाण्याकडे जाणारा हा शेवट कोणत्याही पटकथाकाराने अभ्यासावा असा आहे. आणखी महत्त्वाचे म्हणजे नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेला आहे. त्यांत सोनार आहेत, मातंग आहेत. कुंभारांचे नाते तर थेट कथेच्या नायिकेशी आहे. कथा माहीत असूनही माणूस दरवर्षी तिथे उभा राहतो, कारण ती त्याच्या हातून पार पडते. पुढे काय होणार ही उत्कंठा इथे नसते. आपल्या वाट्याचे आपण केले की नाही ही काळजी मात्र असते.

‘जय मल्हार’ अशा प्रेक्षकांसमोर आली. सोलापूरच्या हद्दीतल्या बाळे इथे खंडोबाचे ठाणे असून चंपाषष्ठीला तिथे मोठी यात्रा भरते. नळदुर्ग-अणदूरचा खंडोबाही जवळच आहे. शिवाय सोलापूर तीन भाषांचे शहर आहे आणि हा देव तिन्ही भाषांत आहे. मराठीत तो खंडोबा, कानडीत मैलार, तेलुगूत मल्लण्णा. कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाच्या दोन्ही बाजूंना गोल्ला समाजातली केतम्मा आणि बलिज समाजातली मेडलम्मा असतात. मराठी परंपरेत म्हाळसा लिंगायत वाण्याची, बानू धनगराची. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी हा मुद्दा सविस्तर मांडला आहे : खंडोबाचे विवाह ही समाजासमाजांच्या सोयरिकीची कथा आहे. म्हाळसा आणि बानू यांच्याखेरीज फुलाई माळीण, रंभाई शिंपीण आणि चंदाई भागवीण याही त्याच्या बायका मानल्या जातात. लिंगायत आणि धनगर हे दोन्ही समाज सोलापूर जिल्ह्यात मोठे आहेत. त्यामुळे म्हाळसा-बानूचे भांडण इथे सवतीमत्सराचे नाट्य म्हणून पाहिले जाते आणि आपल्या घरच्या लेकीची बाजू म्हणूनही पाहिले जाते. पटकथेने एकीला जरा अधिक आक्रस्ताळी किंवा जरा अधिक भोळी केले, की त्याचा हिशेब पात्ररचनेच्या वहीत लागत नाही, समाजाच्या वहीत लागतो.

खंडोबाच्या जागरणाचा शेवटही याच मार्गाने जातो. वाघ्या-मुरळी रात्रभर खंडोबाची कथा गातात, म्हाळसा-बानूचा झगडा रंगवतात, पण पहाट होते ती कथा संपली म्हणून नव्हे. लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडला जातो, आरती होते, तळी भरली जाते. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडार घेऊन घरातली व भावकीतली माणसे ते मिळून उचलतात, येळकोटाचा घोष होतो आणि भंडार उधळला जातो. ताम्हणाला ज्याचा हात लागला त्याचे जागरण पार पडले. कथेतला कोणता भाग राहिला हे कोणी विचारत नाही, तळीला कोण राहिले हे मात्र विचारले जाते. घरात असा शेवट पाहणाऱ्याला मालिकेचा अखेरचा भाग अपुरा वाटला, तर दोष पटकथेचाच असतो असे नाही. पडद्यावरच्या शेवटात हात लावायला ताम्हण नसते. प्रेक्षक देवदत्त नागे यांच्या पाया पडत, ही गोष्ट त्या काळात वारंवार बातम्यांत आली. तिच्याकडे भोळेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. कथेला हात लावण्याची जी वाट मालिकेने ठेवली नव्हती, ती प्रेक्षकांनी स्वतः काढली.

हे सगळे भक्तीचे आहे, मालिकेच्या शेवटावरच्या प्रतिसादाशी त्याचा संबंध काय, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे सर्वांत ठोस उत्तर सोलापूरबाहेरचे आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका 25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर सुरू झाली. सुरुवातीला 52 भागांची योजना होती, ती वाढत 78 भागांवर गेली आणि 31 जुलै 1988 रोजी मालिका संपली. शेवट रामराज्याभिषेकापाशी झाला. सीतात्याग, वाल्मीकींचा आश्रम आणि लव-कुश हा भाग त्यात नव्हता. वाल्मीकींना आपले दैवत मानणाऱ्या सफाई कामगारांनी जालंधरसह उत्तरेतल्या शहरांत संप पुकारला आणि उरलेली कथा दाखवण्याची मागणी केली. रस्त्यांवर कचरा साचला. सरकारला नमते घ्यावे लागले आणि पुढचे भाग ‘उत्तर रामायण’ म्हणून आले. मालिकेच्या शेवटावर इतका मोठा प्रतिसाद भारतात क्वचितच उमटला असेल. त्या संपाची मागणी नेमकी काय होती हे पाहण्यासारखे आहे. राज्याभिषेक वाईट चित्रित झाला, अशी तक्रार नव्हती. ज्या भागात आमचा ऋषी सीतेला आसरा देतो आणि रामाच्या मुलांना शिकवतो, तोच का गाळला, एवढाच प्रश्न होता. शेवट कुठे करायचा हा कलेचा निर्णय वाटतो, पण त्यासोबत कथेत कोणाला जागा मिळणार हेही ठरते, आणि हे जालंधरच्या सफाई कामगाराने दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या आधी ओळखले.

याउलट ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेचा शेवटचा भाग मे 2019 मध्ये आला, तेव्हा आठवा हंगाम नव्याने लिहावा अशा मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या चाहत्यांचा राग खरा होता. घाईने उरकलेले भाग आणि एका नायिकेचे एकाएकी केलेले क्रूर रूप यांवरचे त्यांचे आक्षेप बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहेत. पण ती कथा एका लेखकाच्या, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या, कादंबऱ्यांवरून घेतलेली. कादंबऱ्या पूर्ण होण्याआधीच मालिका त्यांच्या पुढे निघून गेली. त्यामुळे चाहत्यांची मागणी कारागिरीपुरती होती : चांगले लिहा. मागणीपत्राने काही बदलले नाही. संपाने बदलले. संपकऱ्यांच्या हाती शहराची स्वच्छता होती हे त्याचे एक कारण आहेच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या कथेवर शतकानुशतके अनेकांचा हक्क चालत आला आहे, तिचा एकच निर्माता मालक आहे असे सरकारलाही म्हणता आले नाही, हे त्याहून खोलवरचे कारण आहे.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. मानाची भाषा फार लवकर धमकीची भाषा होते. आमच्या दैवताला असे दाखवले, आमच्या समाजाला तसे दाखवले, म्हणून बंद पाडा, असे म्हणणारे गट महाराष्ट्राला नवे नाहीत, आणि या युक्तिवादाने त्यांच्या हाती आयते हत्यार जाईल ही भीती रास्त आहे. म्हणून फरक स्पष्ट सांगायला हवा. 1988 चा संप कथेत भर घाला म्हणत होता, कोणाचे काही काढून टाका म्हणत नव्हता. गड्ड्यातला मानही असाच आहे : एका समाजाचा नंदीध्वज उभा राहतो म्हणून दुसऱ्याचा खाली घ्यावा लागत नाही. धनगरांनी बानूचा प्रसंग वाढवा म्हणणे आणि कोणी म्हाळसेचा प्रसंग गाळा म्हणणे या दोन मागण्या एका तराजूत घालता येणार नाहीत. पहिल्या मागणीने कथा समृद्ध होते. दुसरी मान्य केली तर खंडोबाच्या कथेतून त्याच्या सोयरिकीच निघून जातील, आणि मग उरेल तो कुठल्याही वाहिनीवरचा तलवारधारी नायक.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. मालिका कधी संपवायची हे वाहिनी टीआरपी पाहून ठरवते, प्रेक्षकांच्या मानापानाला तिथे कोण विचारतो? हे खरे आहे. पण टीआरपी किती जणांनी पाहिले हे सांगतो, कशासाठी पाहिले हे सांगत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात श्रावणी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागे चालणारा पद्मशाली विणकर घरी तेलुगू वाहिनी लावतो आणि मराठीही पाहतो. मल्लण्णाच्या दोन बायका ठाऊक असलेल्या त्या घरातून म्हाळसा आणि बानू दोघींना वेगळीच दाद मिळते. ती कुठल्या आकड्यात येत नाही. तरुण पिढी मोबाइलवर परदेशी मालिका पाहते आणि शेवट आवडला नाही तर कारागिरीच्या भाषेतच चिडते, हेही मान्य करायला हवे. परदेशी कथेत तिला मागण्यासारखा मान नाही, म्हणून ती चवीबद्दल बोलते. आपल्या कथेत एकदा मिळालेला मान मात्र टिकतो. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि ते 18 एप्रिलला संपताच दुसऱ्या दिवसापासून ‘उत्तर रामायण’ सुरू केले. या वेळी कोणाला संप करावा लागला नाही. 32 वर्षांपूर्वी झाडू खाली ठेवून मिळवलेला भाग आता मालिकेचाच भाग झाला होता.