दाबोळीची धांवपट्टी

पुण्यानजीकच्या दिघी गांवाशेजारीं लोहगांवचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या रक्षणासाठीं ब्रिटिशांनीं तो उभारला. पुढें १९६१ सालीं ह्याच पुण्याच्या तळावरून स्वतंत्र भारताचीं बाँबफेकी विमानें गोमंतकाकडे झेपावलीं. त्यांचें लक्ष्य होतें दाबोळी.

दाबोळी हें मुरगांव बंदराजवळचें, समुद्रालगतच्या पठारावरील लहानसें गांव. १९५४ सालीं दादरा व नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून गेलीं आणि भारताचे आर्थिक निर्बंधहि गोव्याभोंवतीं आवळूं लागले. तेव्हां बाहेरच्या जगाशीं संबंध राहावा म्हणून पोर्तुगीजांनीं ह्या पठारावर विमानतळ बांधला. १९५५ पासून तेथून कराची, दमण व दीव येथें विमानें जाऊं लागलीं.

१८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्य गोव्याच्या हद्दींत शिरलें. त्याच सकाळीं विंग कमांडर मेनन ह्यांच्या नेतृत्वाखालीं १२ कॅनबेरा विमानांनीं दाबोळीवर सुमारें ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले. दुसऱ्या फेरींत आणखी ८ विमानें आलीं. परंतु हवाई मोहिमेचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो ह्यांस मिळालेली आज्ञा मोठी सूचक होती. धांवपट्टी निकामी करावी, पण इमारतींस धक्का लागूं देऊं नये! जें घर उद्यां आपलेंच व्हावयाचें, त्याच्या भिंती कोण पाडील?

तळावरील दोन प्रवासी विमानेंहि त्यामुळें वांचलीं. रात्रीं पोर्तुगीजांनीं धांवपट्टीची घाईघाईनें डागडुजी केली आणि तीं विमानें कांहीं अधिकाऱ्यांच्या कुटुंबियांस घेऊन अंधारांतून कराचीस निसटलीं. लष्करी हिशेबानें ही उणीव खरी. तथापि बायकामुलें सुखरूप गेलीं ह्याचा खेद कोणी करूं नये.

लिस्बनहून सालाझार ह्यांची आज्ञा अखेरपर्यंत लढण्याची होती. गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्व्हा ह्यांनीं ती मानली नाहीं. १९ डिसेंबरला त्यांनीं शरणागति पत्करली आणि ४५१ वर्षांची सत्ता संपली. मायदेशीं त्यांच्या वांट्यास सैन्यांतून बडतर्फी आली. गोव्याचीं शहरें मात्र राखरांगोळींतून वांचलीं.

१९६२ सालीं दाबोळीचा तळ भारतीय नौदलाच्या ताब्यांत आला आणि कालांतरानें देशोदेशींचे प्रवासी तेथें उतरूं लागले. रणांगणावर काय मोडलें ह्याचा हिशेब इतिहास नेहमींच ठेवतो. दाबोळीच्या बाबतींत दोन्ही बाजूंनीं काय राखलें गेलें, ह्याचीहि नोंद त्यानें ठेवावी.