नंबर नसलेलं पिस्तूल

मामंजी गेले त्या वर्षी दिवाळीच्या आवरासावरीत सासूबाईंनी माळ्यावरची संदूक खाली काढायला लावली. आत हिशेबाच्या जुन्या वह्या होत्या, आणि पोथीला बांधतो तसल्या लाल कापडात गुंडाळलेलं एक पिस्तूल. लाकडी मूठ, वर पितळेची पट्टी, घोड्याच्या चोचीत गारगोटीचा तुकडा. ठासणीचं. बालाघाटकडच्या बोलीत भरमार.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वैनगंगेत टाकून ये." भासरे म्हणाले, "पूर्वजांची निशाणी आहे, राहू दे तिथंच." पुतण्यानं तोवर फोटोसुद्धा काढला होता (तो मी कुणाला पाठवू दिला नाही). माझ्या यजमानांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "याच्यावर नंबर कुठं आहे?"

नंबर नव्हता. नाव नव्हतं, छापही नव्हता. तेव्हापासून माझी झोप उडाली, आणि बी. ए.ला घेतलेला इतिहास तीस वर्षांनी उपयोगी पडला.

चकमकीची पिस्तुलं एकेक करून हातानं घडवली जात. विलायती असेल तर कळीच्या पट्टीवर कारागिराचं नाव आणि नळीवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीचा ठसा असे. कंपनी सरकारच्या शस्त्रांवर सिंह असे. देशी लोहारानं घडवलेल्यावर काहीच नसे. अनुक्रमांकाची रीत रुळली ती कारखान्यांमुळे. अमेरिकेसारख्या देशातही प्रत्येक बंदुकीवर नंबर हवाच, हा कायदा १९६८ साली झाला. आमचा बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ चा. हे पिस्तूल त्याहून जुनं, भोसल्यांच्या अमदानीतलं असावं. त्याच्यावर नंबर नसणं हे बिचाऱ्या पिस्तुलाच्या दृष्टीनं अगदी स्वाभाविक आहे.

कायद्याच्या दृष्टीनं मात्र नाही. लॉर्ड लिटननं १८७८ साली शस्त्रांचा कायदा आणला, देशी वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला, गोऱ्यांना सूट होती. या कायद्याचा राग काँग्रेसच्या मनात अनेक वर्षं होता, आणि १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने हीही एक होती. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसानं ही मागणी करावी, याचं मला कॉलेजात फार नवल वाटे.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा, तो लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ ला. त्यातलं आठवं कलम मी चारदा वाचलं. नंबर वा ओळखचिन्ह नसलेलं अग्निशस्त्र ज्याच्याजवळ सापडेल, त्यानंच ते चिन्ह खोडलं असं गृहीत धरायचं. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. फक्त ज्यांच्याकडे कायदा लागू होताना असं शस्त्र आधीपासूनच होतं, त्यांच्यासाठी हे गृहीतक एक वर्ष लागू होणार नव्हतं. म्हणजे १९६३ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत.

ते वर्ष कसं गेलं? कायदा लागू झाला आणि तीन आठवड्यांत चीनचं युद्ध सुरू झालं. संरक्षण निधीत आपण हातातल्या पाटल्या दिल्या, हे सासूबाई आजही सांगतात. माळ्यावरच्या पिस्तुलाची आठवण त्या वर्षी घरात कुणालाही झाली नाही. नव्या सुनेला तर ते असल्याचंही ठाऊक नव्हतं. पुरुषांनी न सांगितलेल्या गोष्टी शेवटी बायकांच्या आवरासावरीतच निघतात.

आमच्या जिल्ह्यात असली वस्तू घेऊन ठाण्यात जाणं सोपं नाही. किरनापूर भागात डिसेंबर १९९९ मध्ये मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. पुढंही 'भरमार बंदूक जप्त' असल्या बातम्या वाचतच आमची मुलं मोठी झाली.

मग आमच्या नात्यातल्या एका वकीलताईंना बोलावलं. त्यांनी आधी काय करायचं नाही ते सांगितलं. घासूनपुसून चकचकीत करायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, सोनाराकडून एखादा नंबर कोरून घ्यायचा तर विचारही नाही, तोच गुन्हा. नदीत टाकायचं नाही, कारण पाणी आटल्यावर ते कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आणि विकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही: चिन्ह नसलेलं शस्त्र हस्तांतरित करायला कायद्याची बंदी आहे. हे ऐकून सासूबाई एकदम सावरून बसल्या. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं हा अनर्थदंडाचा एक प्रकार सांगितला आहे. कायदा आणि शास्त्र एकाच गोष्टीला नाही म्हणतात, हे त्यांना पटलं. वैनगंगेचा विषय तिथं संपला.

वाटा होत्या त्या अशा. वडिलांच्या नावे परवाना असता, तर इतर वारसांची ना-हरकत जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता आला असता. मात्र २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशानं आलेली धरून. आमच्याकडे परवानाच नव्हता. दुसरी वाट कलम ४५ ची. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. मेख त्या शेवटच्या अटीत आहे. नुसतं जुनं असून भागत नाही. ते चालेल की नाही हे घरच्यांनी नव्हे, तज्ज्ञानं ठरवायचं. पोलिस लाइनीतल्या आर्मोररनं, नाहीतर सागरच्या न्यायसाहायक प्रयोगशाळेनं. इंग्लंडात असलं पिस्तूल केवळ शोभेची जुनी वस्तू म्हणून घरी ठेवता येतं. आपल्याकडे तेवढं पुरत नाही. शंभर वर्षांवरचं म्हणून १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते परदेशी नेता येत नाही, ते वेगळंच.

राहिली तिसरी वाट. लेखी अर्ज द्यायचा, पिस्तूल ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची आणि तपासणी मागायची.

पण नंबर आम्ही खोडला नाही, याला पुरावा काय? तो संदुकीतच होता. संवत १९८७, म्हणजे १९३०-३१ ची वही मोडीत होती. ती वाचून घ्यायला गोंदियाच्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेले. आजेसासऱ्यांची सावकारी होती हे माहीत होतं. एका मालगुजाराच्या नावाखाली ओळ निघाली: जुने पिस्तूल नग एक, नाव नंबर नाही, गहाण. भासऱ्यांची 'पूर्वजांची निशाणी' अशी कुणाच्या तरी पूर्वजांची ठरली. त्याच वर्षी शेजारच्या सिवनी जिल्ह्यात, तुरियाला, जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीनं चार माणसं मेली, त्यांत तीन गोंड बाया. इकडे आमच्या घरात पिस्तूल व्याजाला लागलं होतं.

वकीलताईंनी वही पाहिली आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काकू, नंबर तुम्ही खोडला नाही हे ही वही सांगते. पण नव्वद वर्षं तुम्ही ते विनापरवाना ठेवलंत, हेही तीच सांगते." अशा खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, हाच काय तो दिलासा. भासरे म्हणाले, वही दाखवू नका. यजमान माझ्याकडे बघत राहिले.

मी वहीच्या त्या पानाची प्रत अर्जाला जोडली. सही यजमानांची, अक्षर माझं. पिस्तूल लाल कापडातून काढून साध्या पंचात बांधून नेलं. मूळ वही मागतील तेव्हा दाखवायची म्हणून कपाटात ठेवली आहे, त्याच कापडात. ठाण्याची पावती तिच्यातच, संवत १९८७ च्या पानाशी आहे. तपासणीचा कागद यायचा आहे. सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, "आलं का गं काही?"