नोकरभरतीतील ऑनलाइन फसवणूक

नोकरी देण्याच्या बहाण्याने उमेदवाराकडून पैसे, ओळखपत्रांच्या प्रती, बँक खात्याचा ताबा किंवा प्रत्यक्ष श्रम उकळण्याचा गुन्हा. जाहिरात, मुलाखत, नियुक्तिपत्र आणि वसुली हे टप्पे बहुतेक वेळा मोबाइलवरच पार पडतात. फसवणारा आणि फसलेला बहुधा कधीच समोरासमोर येत नाहीत. भारतात या गुन्ह्याचे चार ठळक प्रकार दिसतात : सरकारी भरतीची नक्कल, खासगी कंपनीच्या नावाने दिलेले बनावट नियुक्तिपत्र, घरबसल्या कामाचे आमिष आणि परदेशी नोकरी.

हा गुन्हा इंटरनेटपेक्षा जुना आहे. १९७०च्या दशकात तेलाच्या पैशाबरोबर आखाती देशांत कामगारांची मागणी वाढली, तशी मुंबईत व्हिसाची दलालीही वाढली. कोकणातल्या कित्येक घरांनी दागिने मोडून एजंटाला पैसे दिले आणि त्यातल्या काहींचा माणूस विमानतळावरूनच परत आला. त्या एजंटाला निदान एक खोली, एक टेबल आणि दारावर पाटी लागत असे. फसलेला माणूस तिथे जाऊन जाब तरी विचारू शकत होता. आता संकेतस्थळ, भाड्याचे बँक खाते आणि दुसऱ्याच्या नावावरचे सिमकार्ड एवढ्यावर काम भागते.

सरकारी भरतीची नक्कल : फसवणुकीचे मूळ खऱ्या भरतीच्या रचनेत शोधावे लागते. रेल्वेने २०१९मध्ये बिगर-तांत्रिक लोकप्रिय प्रवर्गातील ३५,२०८ पदांची जाहिरात काढली. तिला सव्वा कोटीहून अधिक अर्ज आले आणि पहिल्या टप्प्याच्या परीक्षेचा निकाल लागायला जानेवारी २०२२ उजाडला. महाराष्ट्रात २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज होते. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. पैसे भरणे, महिनोन्‌महिने वाट पाहणे, मध्येच तारीख बदलणे, ही उमेदवाराची रोजची सवय झालेली असते. त्यामुळे ‘कोणी पैसे मागितले की फसवणूक समजा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला इथे अपुरा पडतो. खरी सरकारी भरतीही पैसे घेते. फसवणारे नेमके याच सवयीवर घर बांधतात.

म्हणून पैसे मागितले का, यापेक्षा ते कधी, कशासाठी आणि कोणाच्या खात्यात मागितले, हे पाहणे उपयोगाचे ठरते. खऱ्या भरतीत शुल्क अर्जाबरोबर, अर्ज क्रमांकाला जोडून, भरती करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून भरले जाते. निवड झाल्यानंतर कागदपत्र पडताळणी, प्रशिक्षण, गणवेश, अनामत किंवा ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ म्हणून एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर पैसे मागणारी सरकारी भरती नसते. यूपीआयने पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तिथे भरती मंडळाऐवजी एखाद्या अनोळखी व्यक्तीचे नाव दिसत असेल, तर पुढची कोणतीही खातरजमा करण्याची गरज उरत नाही.

रक्कम लहान ठेवणे ही या प्रकारातली सर्वांत धूर्त गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने उघड केलेल्या प्रकरणात आरोपींनी आरोग्य मंत्रालयाशी संलग्न असल्याचा आभास देणाऱ्या ‘स्वास्थ्य एवं जनकल्याण संस्थान’ या नावाने संकेतस्थळे काढली होती. हजारो पदांच्या जाहिराती देऊन त्यांनी सुमारे २७,००० जणांकडून नोंदणी शुल्क घेतले. प्रत्येकी रक्कम १०० ते ५०० रुपये, एकूण वसुली १ कोटीहून अधिक. पाचशे रुपयांसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार, हा हिशेब त्यामागे होता. २०२२च्या अखेरीस ओडिशा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने अलिगढमधून चालणारी टोळी पकडली. तिने अनेक राज्यांतील किमान ५०,००० जणांना फसवल्याचे पोलिसांनी सांगितले. टोळीने सरकारी योजनांच्या नावाशी मिळतीजुळती संकेतस्थळे काढली होती, पगारी मुलेमुली ठेवून कॉल सेंटर चालवले होते आणि पैसे काढून घेण्यासाठी जनसेवा केंद्रांच्या क्यूआर कोडचा वापर केला होता. फोनवर गोड बोलणारी ती मुलेही कमी पगाराच्या नोकरीच्या शोधातच तिथे आलेली होती, ही या प्रकरणाची फार बोचणारी बाजू आहे.

मोठ्या रकमेची फसवणूक मात्र वेगळ्या वाटेने जाते. तिथे ‘सेटिंग’ हा शब्द येतो : साहेबांशी ओळख आहे, यादीत नाव घालून देतो, अर्धे आता आणि अर्धे नियुक्तीनंतर. तामिळनाडूच्या २८ तरुणांना २०२२च्या उन्हाळ्यात नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला बसवण्यात आले. तिकीट तपासनीस, लिपिक अशा पदांचे हे प्रशिक्षण आहे, असे त्यांना सांगितले होते. त्यांच्याकडून एकूण २ कोटी ६७ लाख रुपये घेतल्याची तक्रार दिल्ली पोलिसांकडे दाखल झाली. अशा प्रकरणांत फसलेला माणूस आपणही आडमार्गाने गेलो या भावनेने गप्प बसतो आणि दलालाला ती चुप्पीच हवी असते. तरीही तक्रार करावी. हातात बनावट नियुक्तिपत्र पडलेला माणूस गप्प राहिला, तर तोच दलाल पुढच्या गावात तेच पत्र नव्या नावाने छापतो.

खासगी कंपन्यांच्या नावाने : टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, इन्फोसिस यांसारख्या कंपन्यांनी आपण भरतीसाठी उमेदवाराकडून कोणतेही शुल्क घेत नाही, असे वारंवार जाहीर केले आहे. खासगी भरतीत ‘पैसे नाहीत’ हा नियम सरळ लागू पडतो. लॅपटॉपची परत मिळणारी अनामत, वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी ही वसुलीची ठरलेली नावे आहेत. ‘परत मिळणारी’ हे विशेषण जोडले की उमेदवाराचा हात सैल सुटतो. मुलाखत केवळ चॅटवर होणे, तासाभरात नियुक्तिपत्र येणे, ईमेल फुकट मिळणाऱ्या सेवेवरून किंवा कंपनीच्या नावाला ‘करिअर’, ‘एचआर’ असे शेपूट जोडलेल्या पत्त्यावरून येणे, ही लक्षणे सहज ओळखता येतात. शिक्का, सही, बोधचिन्ह आणि राजमुद्रा यांना पुरावा म्हणून काहीही किंमत नाही. कोणतीही प्रतिमा काही मिनिटांत हुबेहूब उतरवता येते. ज्या कंपनीचे पत्र आले, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता स्वतः शोधून तिथे विचारणा करावी. आलेल्या संदेशातल्या दुव्यावर किंवा क्रमांकावर केलेली चौकशी फसवणाऱ्याकडेच पोहोचते.

घरबसल्या काम : केंद्रीय गृह मंत्रालयाने ६ डिसेंबर २०२३ रोजी गुंतवणूक आणि ‘टास्क’ स्वरूपाच्या अर्धवेळ नोकरीच्या फसवणुकीत गुंतलेली शंभरहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे या टोळ्यांचे मुख्य लक्ष्य असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. फसवणुकीची पद्धत जवळजवळ ठरलेली आहे. व्हॉट्सॲपवर संदेश येतो. व्हिडिओला लाइक द्या, हॉटेलला नकाशावर पाच तारे द्या, एवढेच काम. पहिले दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात, आणि विश्वास तिथेच बसतो. मग टेलिग्रामवरच्या गटात नेले जाते. तिथले बहुतेक सदस्य टोळीचेच असतात आणि आज किती कमावले याचे स्क्रीनशॉट टाकत राहतात. पुढचे काम ‘प्रीपेड’ असते : हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. रक्कम वाढत जाते आणि संकेतस्थळावरच्या पाकिटात लाखोंचा आकडा दिसू लागतो, पण तो काढता येत नाही. काढायला गेले की कर भरा, तुमच्याकडून क्रम चुकला, तुमच्यामुळे गटातल्या इतरांचे पैसे अडकले, अशी कारणे येतात. या शेवटच्या टप्प्यात माणूस लोभाने पैसे भरत नसतो. आधीचे सुटावेत म्हणून भरत असतो. ‘एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा’ असे विचारणाऱ्यांनी हा क्रम नीट समजून घ्यायला हवा.

डेटा एंट्रीच्या प्रकारात धाक हे हत्यार असते. मजकूर टंकित करून देण्याचा ऑनलाइन करार होतो, काम दिल्यावर अचूकता ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी भरल्याचे सांगितले जाते आणि करारभंगाबद्दल वकिलाची किंवा न्यायालयाची म्हणून बनावट नोटीस येते. खटल्याच्या भीतीने लोक पैसे देतात. अशी नोटीस आल्यास पैसे न देता ती घेऊन पोलिसांकडे जावे.

परदेशी नोकरी : १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील उत्प्रवासी महासंरक्षकांकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर आहे. एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर घेता येतो, तोही पावती देऊन. दहावी न झालेल्या कामगारांना ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास परवानगी लागते. शिकलेल्यांना ती लागत नाही आणि नव्या फसवणुकीने हीच फट हेरली.

थायलंडमध्ये ‘डिजिटल विक्री व विपणन अधिकारी’ हवेत, अशा जाहिरातींबाबत परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२मध्ये इशारा दिला. संगणक येणाऱ्या तरुणांना बँकॉकला बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात नेले जात होते. तिथल्या कुंपणबंद आवारांत पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडून इतर देशांतील लोकांची ऑनलाइन फसवणूक करून घेतली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३च्या अहवालात असे सक्तीचे काम करणाऱ्यांची संख्या म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० असल्याचा अंदाज दिला. मार्च २०२५मध्ये भारताने थायलंडमधील माई सॉट येथून हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ नागरिकांना परत आणले. रशियात मदतनिसाच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना युक्रेन युद्धाच्या आघाडीवर पाठवणाऱ्या जाळ्याविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२४मध्ये गुन्हा नोंदवला. मुंबईसह अनेक शहरांत झडती झाली. या साऱ्या प्रकरणांतून एक कसोटी हाती लागते. पर्यटक व्हिसावर किंवा विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘आधी या, वर्क परमिट तिथे करून देऊ’ असे म्हणणाऱ्या एजंटाबरोबर विमानात बसू नये.

गोवा आणि कोकण किनाऱ्यावरच्या तरुणांसाठी जहाजावरच्या नोकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. बोटीवर जाण्याची तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे आणि तिच्याच आधाराने खोट्या प्लेसमेंट कंपन्या उभ्या राहतात. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. भारताने २०१५मध्ये स्वीकारलेल्या सागरी श्रम करारानुसार नोकरी मिळवून देण्याचे शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक तपासायला काही मिनिटे लागतात. कंपनीचे नाव, पत्ता आणि क्रमांक तिन्ही जुळायला हवेत.

खातरजमा : सरकारी जाहिरात पाहताना जाहिरात क्रमांक टिपून घ्यावा आणि तो संबंधित मंडळाच्या किंवा विभागाच्या मूळ संकेतस्थळावर शोधावा. केंद्र आणि राज्य शासनाची बहुतेक संकेतस्थळे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ने संपतात, पत्त्याच्या मध्ये कुठेतरी ‘जीओव्ही’ ही अक्षरे असणे पुरेसे नाही, ती शेवटी हवीत. केंद्र सरकारशी संबंधित संशयास्पद जाहिरातींची शहानिशा पत्र सूचना कार्यालयाचा फॅक्ट चेक विभाग करतो. खासगी कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसते, पण नोंदणी आहे म्हणून नोकरी खरी, असे होत नाही, कारण कंपनी खरी आणि तिच्या नावाने लिहिणारा खोटा असू शकतो. आधार, पॅन आणि धनादेशाच्या प्रती निवड निश्चित होण्यापूर्वी देऊ नयेत. त्यांच्या आधारे दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड, खाते किंवा कर्ज काढले जाते.

कायदा आणि तक्रार : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) नुसार फसवणूक करून मालमत्ता घेतल्यास सात वर्षांपर्यंत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २१ जून २०२४पासून लागू झालेल्या सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) कायद्यात केंद्रीय भरती परीक्षांच्या संदर्भात बनावट संकेतस्थळ काढणे, बनावट परीक्षा घेणे, खोटी प्रवेशपत्रे वा नियुक्तिपत्रे देणे हे गुन्हे म्हणून नमूद आहेत.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर नोंद करावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात असे फार वेगाने पांगतात. वाटेत गोठवले गेले तरच ते परत मिळण्याची शक्यता राहते, म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. संदेश, व्यवहार क्रमांक, यूपीआय पत्ते आणि संकेतस्थळाचे पडदाचित्र जपून ठेवावे. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नये. खातेदाराने स्वतः पिन टाकून पाठवलेली रक्कम अनधिकृत व्यवहारांसाठी बँकेकडून मिळणाऱ्या संरक्षणात सहसा बसत नाही, त्यामुळे केवळ बँकेला कळवून थांबू नये.

काही ‘नोकऱ्यां’मध्ये काम म्हणजेच गुन्हा असतो. तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवा, या कामाला ‘पेमेंट एजंट’ असे भारदस्त नाव दिले जाते. प्रत्यक्षात ते खाते चोरीचा पैसा फिरवण्यासाठी भाड्याने घेतलेले असते. तपासात पहिले नाव खातेदाराचे निघते. खाते गोठते आणि त्याच्यावर आरोपी होण्याची वेळ येते. आपले खाते असे वापरले गेल्याचे लक्षात आल्यास व्यवहार ताबडतोब थांबवून, आलेली रक्कम तशीच ठेवून, बँकेला लेखी कळवावे आणि पोलिसांची नोटीस येण्याची वाट न पाहता स्वतः जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात सर्व संदेशांसह जबाब द्यावा.